दोन इंचांचा शिकारी

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये असो, की पुण्या-नागपुरातल्या एखाद्या रंगीत माशांच्या दुकानात, टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये हमखास एक पिल्लू दिसते. काळसर पाठ, पांढराशुभ्र पोटपट्टा, नारिंगी-लाल शेपटी आणि तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या. हे रेडटेल कॅटफिशचे पिल्लू. लांबी दोन ते तीन इंच, किंमत खिशाला परवडेल अशी. ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांमधला हा मासा पूर्ण वाढला की चार फुटांच्या पुढे जातो आणि त्याचे वजन चाळीस किलोंहून अधिक भरू शकते. पिशवीवर हे कुठेही लिहिलेले नसते.

त्याच्या शेजारच्या टाकीत ‘शार्क’ म्हणून विकली जाणारी चंदेरी, चपळ पिल्ले असतात. शार्कशी त्यांचे काहीही नाते नाही. हा आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला पंगास. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो बिनकाट्याचा तुकडा ताटात येतो, तो बहुधा याच माशाचा. महाराष्ट्रातल्या धरणांत पिंजरे टाकून त्याची शेती होते, ती तो झपाट्याने वाढतो म्हणूनच. शेतीसाठी जो गुण, तोच दोन फुटांच्या टाकीत अवगुण ठरतो.

मोठे शिकारी मासे पाळण्यात चूक काही नाही. माणसाला ओळखणारे, हातातून खाणारे, दहा-पंधरा वर्षे सोबत करणारे मासे याच गटात मिळतात. पण त्यांची निवड उलट दिशेने करावी लागते. पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांसमोर आणायचा, त्याला लागणारी टाकी मोजायची, ती आपल्या घरात, आपल्या पाण्यावर आणि आपल्या विजेवर चालेल का ते पाहायचे, आणि मग पिल्लाकडे बोट दाखवायचे.

लांबी दुप्पट, वजन आठपट

‘एक गॅलन पाण्याला एक इंच मासा’ हा हिशेब अजूनही तोंडोतोंडी चालतो. गप्पी किंवा निऑन टेट्रासारख्या बोटभर माशांसाठी तो जेमतेम खपून जातो. मोठ्या माशांच्या बाबतीत तो पूर्ण फसवा आहे, कारण मासा फक्त लांबीने वाढत नाही. लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही साधारण दुप्पट होते, म्हणजे वजन आठपट होते. दोन इंचांचे पिल्लू बारा इंचांचे झाले तर लांबी सहापट वाढली, पण वजन सुमारे २१६ पट. बारा इंचांचा एक ऑस्कर मासा म्हणजे एक इंचाचे बारा मासे नव्हेत. वजनाच्या हिशेबाने तो तशा सतराशेहून जास्त माशांइतका भरतो. तो खाणार, श्वासाला प्राणवायू घेणार आणि पाणी घाण करणार तेही बारा छोट्या माशांपेक्षा कितीतरी पट जास्त.

दुसरा लाडका समज म्हणजे, ‘मासा टाकीएवढाच वाढतो.’ लहान टाकीत काही मासे खुरटतात हे खरे आहे. पण ते जागा पाहून शहाणपणाने थांबलेले नसतात. साचलेली घाण, कोंडलेले पाणी आणि सततचा ताण यांनी त्यांची वाढ खुंटलेली असते. पाठीचा कणा वाकतो, कल्ल्यांची झाकणे मुडपतात, रोगप्रतिकारशक्ती ढासळते. आठ-दहा वर्षे जगणारा मासा दोन-तीन वर्षांत जातो, आणि मालक समजतो की त्याचे आयुष्यच तेवढे होते.

माशाची पूर्ण लांबी शोधताना एक बारकावा लक्षात ठेवावा. अनेक संदर्भग्रंथांत लांबी तोंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजलेली असते, शेपटीचे पंख त्यात धरलेले नसतात. टाकीच्या काचेवर मात्र शेपटीही आपटते. म्हणून अशा आकड्यात थोडी भर घालूनच हिशेब करावा.

लिटर शेवटी, वळण आधी

टाकी किती लिटरची, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. शिकारी माशासाठी तो शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की मासा अंग न मुडपता वळू शकेल का? त्यासाठी टाकीची रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचे अंतर, निदान पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीएवढे हवे. त्याहून थोडे जास्त असेल तर उत्तम. टाकीची लांबी माशाच्या तीन ते चार पट असावी. उंचीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. दिखाऊ, उंच आणि अरुंद टाक्या दिवाणखान्यात शोभतात, पण मोठ्या माशाला त्या कोठडीसारख्या पडतात.

माशाच्या शरीराकडे नीट पाहिले तर त्याची टाकी कशी हवी ते बरेचसे कळते. अरोवानाचे तोंड वर उघडते, पाठ सरळ सपाट असते, आणि हनुवटीवरच्या दोन मिशा पुढे रोखलेल्या असतात. हा पाण्याच्या पृष्ठभागावर शिकार करणारा मासा. ॲमेझॉनच्या पुरात बुडालेल्या जंगलात तो फांदीवरच्या किड्याखाली येऊन थांबतो, शरीराला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक देतो आणि क्षणात पाण्याबाहेर झेपावतो. टाकीत ही सवय जात नाही. दाराचा आवाज, दिव्याची उघडझाप किंवा झाकणावर बसलेली माशी एवढे कारण त्याला पुरते. म्हणून अरोवानाला खोल टाकी नको, लांब-रुंद टाकी आणि जड, घट्ट बसणारे झाकण हवे. पाइपासाठी ठेवलेल्या फटीवरही जाळी बसवावी.

गार माशाचे पंख शेपटीजवळ एकवटलेले असतात. हा दबा धरून बसणारा आणि बाणासारखा सुटणारा मासा. त्याच्या अंगावर हाडासारख्या कठीण, चौकटी-चौकटींच्या खवल्यांचे चिलखत असते, त्यामुळे तो सहज वाकत नाही. त्याला वळायला इतरांपेक्षा जास्त रुंदी लागते. कॅटफिशचे पोट सपाट आणि तोंड रुंद. तो तळाचा मासा, त्याला तळाचे क्षेत्रफळ हवे. रेडटेल तर तोंडात मावेल ते गिळून पाहतो. खडे, थर्मामीटर, प्लास्टिकची झाडे, काहीही. अशा माशाच्या टाकीत एक तर बारीक वाळू असावी, नाही तर तळ मोकळा असावा. हीटरला जाळीचे संरक्षक आवरणही हवेच.

आता लिटर. फुटांत लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला २८.३ ने गुणले की लिटर मिळतात. बाजारात सर्रास मिळणारी ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी साधारण २५५ लिटरची. ६ × २ × २ फुटांची ६८० लिटरची. ८ × ३ × २ फुटांची सुमारे १,३६० लिटरची. चार फुटांच्या रेडटेलला १५ × ६ × ३ फूट जागा द्यायची म्हटली, तर पाणी साडेसात हजार लिटरच्या वर जाते. ही टाकी शहरातल्या अनेक दिवाणखान्यांत आडवीसुद्धा मावणार नाही.

न दिसणारी घाण

मासा खातो ती प्रथिने पचताना अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. शिकारी माशाच्या आहारात प्रथिने जास्त, म्हणून अमोनियाही जास्त. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि मातीच्या पोकळ नळ्यांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जाते. ते काढण्याचा भरवशाचा घरगुती उपाय म्हणजे पाणी बदलणे.

इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. आठवड्याला निदान तीस टक्के पाणी बदलायचे, तर २५५ लिटरच्या टाकीला सुमारे ७५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या पाच बादल्या लागतात. ६८० लिटरच्या टाकीला साडेतेरा बादल्या. १,३६० लिटरच्या टाकीला आठवड्याला ४०० लिटर, म्हणजे वर्षाला २१ हजार लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर! ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर मोजून येतात, तिथे ही टाकी ठेवणे म्हणजे मार्चपासून पावसापर्यंत रोज काळजी. काढलेले पाणी झाडांना उत्तम, हा एवढा एक दिलासा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते टाकीत जाण्याआधी अँटिक्लोरीन घालून काढावे लागते, नाही तर कल्ले पोळतात आणि फिल्टरमधले जिवाणूही मरतात. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, वरचा असतो. सामू जितका वर, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून बोअरच्या पाण्यावर मोठी टाकी चालवणाऱ्याने अमोनियाची चाचणी अधूनमधून नक्की करावी.

वीज गेली की मोठ्या टाकीत दोन संकटे एकदम येतात. पाण्यात हवा मिसळणे थांबते, आणि बंद डब्याच्या फिल्टरमध्ये अडकलेले पाणी प्राणवायूविना राहून तिथले उपयोगी जिवाणू मरू लागतात. उन्हाळ्यात पाणी तापलेले असते, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप ही अशा वेळची पहिली गरज. खूप वेळ बंद राहिलेला डबा-फिल्टर वीज आल्यावर तसाच चालू करू नये. आधी त्यातले पाणी ओतून टाकावे आणि आतला माल टाकीतल्याच पाण्यात हलका धुवावा.

टाकीखालची जमीन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण शाळेत शिकतो आणि टाकी घेताना विसरतो. ६ × २ × २ फुटांच्या टाकीत ६८० किलो पाणी. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन साधारण १२० किलो. त्यावर लोखंडी स्टँड, वाळू आणि दगड. सगळे मिळून नऊशे किलोंच्या आसपास, तेही बारा चौरस फुटांवर. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात जो चल भार धरलेला आहे, तो दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो. या टाकीखाली तो चौपटीच्या आसपास जातो.

म्हणून लगेच स्लॅब कोसळत नाही. मानकातला आकडा संपूर्ण खोलीचा धरलेला असतो, आणि खोलीचा बराच भाग रिकामाच असतो. पण टाकी खोलीच्या मध्यावर किंवा बाल्कनीच्या पुढे काढलेल्या भागात ठेवणे धोक्याचे. बीम जिथून जातो तिथे, भार पेलणाऱ्या भिंतीला लागून, स्तंभाजवळ ती ठेवावी. जुन्या चाळीत किंवा लाकडी पाट्यांच्या मजल्यावर सहा फुटी टाकीचा विचार बांधकाम अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. हजार लिटरच्या पुढची टाकी तळमजल्यावरच बरी.

वाडग्यात काय वाढायचे

शिकारी मासा पाळायचा म्हणजे रोज जिवंत मासे सोडायचे, अशी अनेकांची कल्पना असते. आठवड्याला शंभर गोल्डफिश टाकले की टाकीत थरार दिसतो खरा, पण माशाचे भले होत नाही. दुकानातले स्वस्त मासे दाटीवाटीत ठेवलेले असतात, त्यांच्यासोबत रोग आणि परजीवी थेट टाकीत येतात. शिवाय गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. सतत तेच खाणाऱ्या माशाला या जीवनसत्त्वाची कमतरता होते, तोल जातो, झटके येतात. कोंबडीचे किंवा इतर प्राण्यांचे मांस रोज देणेही चुकीचे. त्यातली चरबी माशाला नीट पचत नाही आणि यकृताभोवती साठते.

चांगल्या प्रतीची पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, हा मुख्य आहार असावा. जोडीला सोललेली कोळंबी आणि काटे काढलेल्या माशाचे तुकडे. पिल्लू लहान असतानाच त्याला पेलेट्सची सवय लावणे सोपे जाते. पूर्ण वाढलेल्या माशाला रोज खायला घालण्याची गरज नसते. आठवड्यातून एखादा उपास त्याला आणि पाण्याला दोघांनाही मानवतो.

सोबती निवडताना एकच कसोटी लावावी, तोंडाच्या मापाची. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या पोटात जातो. ऑस्कर शिकार कशी करतो हे जवळून पाहण्यासारखे असते. तो धावत नाही. पंख हलकेच हलवत जवळ सरकतो, क्षणभर थांबतो आणि जबडा पुढे काढून तोंड एकदम उघडतो. आत निर्माण झालेल्या पोकळीत पाणी ओढले जाते आणि पाण्यासोबत समोरचा मासाही. हे इतक्या झटकन होते की डोळ्याला फक्त एवढेच कळते, की आता तिथे एक मासा कमी आहे. रेडटेल तर स्वतःच्या निम्म्याहून मोठा मासाही गिळायला जातो आणि कधी कधी त्यातच दोघेही मरतात.

नको झालेला मासा

टाकी पुरेनाशी झाली की मालक दुकानदाराकडे जातो. दुकानदार मोठा मासा परत घेत नाही, कारण त्याच्याकडेही जागा नसते. सार्वजनिक मत्स्यालयांकडे असे मासे घेण्याच्या विनंत्या जगभर येत असतात, तिथेही बहुधा नकार मिळतो. मग कुणीतरी रात्री बादली घेऊन तलावावर जातो.

याचे परिणाम कागदोपत्री नोंदलेले आहेत. पनामात १९६७च्या सुमारास पीकॉक बास हा ॲमेझॉनकडचा शिकारी मासा एका तळ्यातून सुटला आणि गाटून सरोवरात पसरला. काही वर्षांत तिथल्या नेहमीच्या स्थानिक माशांपैकी बहुतेक जाती सरोवरातून नाहीशा झाल्या, हे १९७३ साली शास्त्रज्ञांनी मांडले. केरळात २०१८च्या महापुरानंतर नद्यांमध्ये अरापायमा आणि ॲलिगेटर गार सापडले. दोन्ही परदेशी, दोन्ही पाळलेल्या माशांतून निसटलेले. मे २०२३मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात सफाई चालू असताना ॲलिगेटर गार हाती लागला. उत्तर अमेरिकेतला हा मासा आठ फुटांपर्यंत वाढतो. २०११ साली मिसिसिपी राज्यात पकडलेल्या एका माशाचे वजन १४८ किलो भरले होते.

कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी मालकाला बंधनकारक केली. एशियन अरोवाना आणि अरापायमा दोन्ही त्या यादीत आहेत. ‘घरातले अरिष्ट हा मासा आपल्यावर घेतो’ अशा भरवशावर महागडा लाल किंवा सोनेरी अरोवाना घेणाऱ्याने आधी त्याची कागदपत्रे, अंगात बसवलेली मायक्रोचिप आणि नोंदणी पाहावी.

टाकीपासून माशाकडे

आता उलट दिशेने निवड करू. दोन फुटांची टाकी असेल तरी शिकारी मासा पाळता येतो. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटात आढळणारा पी पफर जेमतेम एक-दीड इंचाचा, पण डोळे गरागरा फिरवत गोगलगायी टिपणारा पक्का शिकारी. झाडांनी भरलेल्या टाकीत तो बघत राहावा असा असतो. निसर्गात त्याची संख्या घटत आहे, म्हणून टाकीत पैदास झालेलेच घ्यावेत.

तीन फुटांच्या टाकीत ड्वार्फ स्नेकहेड, म्हणजे आपल्या मरळीचे बुटके भाऊबंद. सहा-आठ इंचांचे, हवेतून श्वास घेणारे आणि झाकण ढकलून पळण्यात पटाईत. काही जातींत नर पिल्ले तोंडात सांभाळतो. झाकण आणि पाणी यांच्यात हवेसाठी थोडी जागा ठेवली की झाले.

चार फुटांच्या टाकीत एकच ऑस्कर किंवा एकच फ्लॉवरहॉर्न. टाकीची रुंदी दोन फूट असेल तर अधिक बरे. ऑस्कर वर्ष-दीड वर्षात दहा-बारा इंच होतो, वाळू उकरतो, झाडे उपटतो, जागा बदलली की रुसून आडवा पडतो आणि खायला घालणाऱ्याला ओळखतो. मोठ्या शिकारी माशाची हौस भागवायला तो एकटा पुरतो. सहा फुटांच्या टाकीत ऑस्करची जोडी किंवा सेनेगल बिशर माशांचा छोटा गट ठेवता येतो. सिल्व्हर अरोवाना हवाच असेल तर आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद टाकी, आणि शक्यतो तो एकटा. टाकीतही तो दोन-अडीच फूट होतो.

रेडटेल, पंगास, टायगर शॉव्हेलनोज कॅटफिश, ॲलिगेटर गार आणि अरापायमा हे घरातले मासे नव्हेत. त्यांना तलाव लागतो, आणि तो तलाव नदी-नाल्याला कुठेही न जोडलेला असावा लागतो.

टाकी ठरली की मासा लगेच आणू नये. फिल्टरमध्ये जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी माशाविना चालवावी, अमोनियाचा थोडा-थोडा पुरवठा करावा आणि चाचणी करत राहावी. त्याच काळात दर आठवड्याला ठरल्याइतके पाणी बदलून पाहावे, बादल्या मोजाव्यात, सोसायटीचे पाणी कधी येते आणि कधी जाते ते बघावे, विजेचे बिल पाहावे. हे काम जड वाटले, तर अजून काहीच बिघडलेले नाही. मासा आणलेला नाही. यादीत एक पायरी खाली उतरायची आणि त्याहून लहान शिकारी निवडायचा.